घाटाखालच्या घरातली कुत्र्याची औषधपेटी

कुत्र्यासाठी औषधांचा डबा भरायचा म्हटलं की लोक आधी औषधांची यादी करतात. पोलादपुरात आधी रस्त्यांची यादी करावी लागते. आमच्या वाडीतून तालुक्याच्या गावात उतरायला एकच रस्ता. तिथल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर भेटले तर उत्तमच, पण अख्ख्या तालुक्याची गुरं आणि बकऱ्या त्यांच्याच वाट्याला. बरेचदा ते कुठल्यातरी कोंडावर अडलेली गाय सोडवायला गेलेले असतात. पुढचं ठिकाण महाड, हमरस्त्याने वीसेक किलोमीटर. मोठी शस्त्रक्रिया लागली तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. तिथे जायचं तर आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर-वाईमार्गे, नाहीतर महाडहून वरंध घाटाने भोरमार्गे. पावसाळ्यात दरड आली की यातला एक घाट बंद होतो, कधी दोन्ही. परळला १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं जुनं इस्पितळही आहे, पण ते दीडशे किलोमीटरहून लांब.

म्हणून आमच्या डब्याने कुत्र्याला बरं करावं अशी अपेक्षा मी धरत नाही. दुखापत झाल्यापासून डॉक्टरांचा हात लागेपर्यंतच्या दोन, चार, कधी बारा तासांची ती शिदोरी आहे. तेवढ्या वेळात कुत्रा तग धरून राहिला पाहिजे आणि आपल्या हातून त्याचं आणखी बिघडता कामा नये. डब्यात काय घालायचं आणि काय नाही, हे सगळं यावरूनच ठरतं.

चंपी आणि खंड्या ही आमच्याकडची मायलेकरं, दोघंही गावठी. पुढे लिहिलंय ते त्यांच्यामुळे, वाडीतल्या इतर कुत्र्यांमुळे आणि डॉक्टरांना पुन्हापुन्हा विचारून साठलेलं आहे. औषधांची मात्रा मी मुद्दाम कुठेच लिहिलेली नाही. ती कुत्र्याचं वजन आणि वय बघून डॉक्टरांनीच लिहून द्यायची.

१. सगळ्यात वर मुसकं ठेवायचं

डबा उघडल्यावर पहिल्यांदा हाताला लागायला हवं ते मुसकं. कळ असह्य झाली की सगळ्यात मायाळू कुत्राही जवळ आलेल्या हाताला चावतो, आणि तो हात बहुतेक वेळा घरच्याच माणसाचा असतो. मग एकाऐवजी दोघांना दवाखान्यात न्यायची वेळ येते. विकतचं मुसकं मिळतं, पण आमच्याकडे जुन्या सुती लुगड्याच्या काठाची दीडेक मीटर लांब पट्टी धुऊन, घडी करून ठेवलेली आहे. पट्टीचा फास करून तो तोंडावरून घ्यायचा, जबड्याखाली एक वेढा द्यायचा आणि दोन्ही टोकं कानांमागे नेऊन सुटी गाठ मारायची. ओढली की लगेच सुटली पाहिजे.

कुत्रा ओकत असेल, धापा टाकत असेल, श्वास अडकत असेल किंवा उन्हाने तापला असेल तर तोंड अजिबात बांधायचं नाही. कुत्र्याला अंग थंड करायला जीभ बाहेर काढूनच श्वास घ्यावा लागतो. अशा वेळी एकाने मानेमागून घोंगडी टाकून धरायचं.

हे सगळं दुखापतीच्या दिवशी पहिल्यांदा केलं तर जमत नाही. म्हणून संध्याकाळी भाकरीचा तुकडा देताना कधीमधी ती पट्टी तोंडावरून फिरवायची. पायाची बोटं फाकवून बघायची, कानात डोकवायचं, ओठ उचलून हिरड्या बघायच्या. खंड्या लहान असल्यापासून त्याला ही सवय लावली, म्हणून आज तो पायातला काटा काढू देतो. चंपी मोठी झाल्यावर घरी आली. तिला मागचे पाय धरलेले अजूनही चालत नाहीत. त्यामुळे तिच्यासाठी दोन माणसं लागतात, आणि हे घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवं.

२. आजारी कुत्रा ओळखायचा तर आधी धडधाकट कुत्रा मोजून ठेवावा

डब्यात एक डिजिटल थर्मामीटर आहे, त्यावर ‘कुत्रा’ असं लिहिलेलं, आणि सोबत व्हॅसलीनची छोटी डबी. ताप गुदद्वारातून बघायचा असतो. नाकाला हात लावून काही कळत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं; माणसाला ज्या आकड्यावर आपण अंथरुणात झोपवतो, तो कुत्र्याला ठीकच असतो. १०४ च्या वर गेलं की डॉक्टरांना फोन.

स्वस्थ झोपलेला कुत्रा मिनिटाला साधारण दहा ते तीस वेळा श्वास घेतो. हिरडी बोटाने दाबून सोडली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी. त्याहून उशीर लागला, किंवा हिरडी मुळातच फिकट, पांढुरकी दिसली तर आत कुठेतरी रक्त जातंय किंवा रक्तदाब पडलाय असं समजून निघायचं. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बरेचदा काळ्या असतात, चंपीच्या आहेत. तिथे खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघायचा.

हे सगळं दोघंही ठणठणीत असताना बघून वहीत लिहून ठेवलं आहे. वजनही लिहिलं आहे. कुत्र्याला गोणपाटात घालून गावातल्या टांगत्या काट्यावर लावलं की वजन मिळतं. फोनवर डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो: ‘वजन किती?’

३. जखमेसाठी लागतं ते साधंच

सलाईनची बाटली, सुई नसलेली मोठी सिरिंज, गॉज, कापसाची गुंडाळी, दोन क्रेप बँडेज, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, टोकदार चिमटा, बेटाडीन, रबरी हातमोजे, तुरटीचा खडा आणि डोक्याला बांधायची बॅटरी. यादी संपली.

जखम धुणं हे अर्धं काम. सिरिंजमध्ये सलाईन भरून धार मारली की माती, केस, काड्या निघून जातात. सलाईन संपलं तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात दीड सपाट लहान चमचा मीठ. बेटाडीन पाण्यात मिसळून फिकट तपकिरी करून वापरायचं. स्पिरिट आणि न पातळ केलेलं डेटॉल कुत्र्याच्या उघड्या मांसावर नको. हळदीची चिमूट आपल्या बोटाला चालते, पण खोल जखमेवर कोरडी हळद दाबली तर वर खपली धरते आणि आत पू साठतो.

रक्त येत असेल तर गॉज ठेवून दाबायचं आणि पाच मिनिटं उचलून बघायचं नाही. गॉज भिजला तर त्याच्यावर दुसरा ठेवायचा, पहिला काढायचा नाही; गोठलेलं रक्त त्याच्याबरोबर निघतं. नख तुटून रक्त थांबत नसेल तर ओला तुरटीचा खडा दाबून धरावा. घाटात थांबणारे प्रवासी बाटल्या फोडून जातात, त्या काचा वाडीतल्या कुत्र्यांच्या तळव्यात जातात. पायाला पट्टी बांधताना बोटांच्या मध्ये थोडा थोडा कापूस ठेवायचा आणि पट्टीखाली दोन बोटं जातील इतकी सैल ठेवायची. बाहेर जाताना वरून प्लास्टिकची पिशवी चालेल; घरात आल्यावर ती लगेच काढायची, नाहीतर आत ओल धरते.

आणि कुत्र्याला जे लावाल ते तो चाटणार आहे, हे धरूनच चालावं. जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून गळ्याभोवती अडकवली की जखमेपर्यंत तोंड पोचत नाही.

४. जळू आणि गोचीड

मृगाचा पाऊस लागला की रानातून आलेल्या कुत्र्याच्या बोटांमध्ये, कानाच्या पाळीत, कधी पापणीवर जळवा दिसतात. ओढायच्या नाहीत. मिठाचं पाणी टाकलं की सुटतात. जळू रक्त पातळ ठेवणारं द्रव्य सोडते, त्यामुळे ती पडल्यावरही बराच वेळ ओघळ येतो. दाबून धरायचं, घाबरायचं नाही. पऱ्याचं पाणी पिताना नाकात जळू शिरली तर कुत्रा सारखा शिंकतो, एका नाकपुडीतून रक्त येतं. पाणी भरलेला वाडगा नाकाशी धरला की ती कधी पाण्याच्या ओढीने डोकं बाहेर काढते आणि तेव्हा चिमट्यात धरता येते. नाही आली तर डॉक्टर. नाकात मीठ टाकायचं नाही.

गोचीड काढताना चिमटा कातडीला अगदी लागून धरायचा आणि सरळ वर ओढायचा. काडी पेटवून चटका देणं, रॉकेल लावणं बंद करावं. बोटांनी चिरडूही नये. साबणाच्या पाण्यात टाकावा. गोचिडाने येणाऱ्या तापात कुत्रा आठवडाभर नुसता मरगळलेला दिसतो, खाणं सोडतो, हिरड्या फिकट पडतात, आणि घरचे म्हणतात ‘पावसामुळे सुस्तावलाय’. यासाठीच ते तापमान आणि हिरड्यांचं बघून ठेवायचं.

गोठ्यात गुरांच्या गोचिडांचं औषध असतं. ते अंदाजाने पाण्यात ओतून कुत्र्याला आंघोळ घालणं फार धोक्याचं. गुरांसाठीचं पातळ करायचं प्रमाण कुत्र्याला लागू नाही, आणि कुत्रा अंग चाटतो.

५. अळ्या

हा पावसाळ्यातला सगळ्यात ओंगळ आणि सगळ्यात टाळता येण्यासारखा त्रास. कानामागे छोटी जखम असते, केसांखाली दिसत नाही, माशी बसते, आणि दोनतीन दिवसांत जागा पोखरली जाते. आधी वास येतो. कुत्रा डोकं एका बाजूला धरतो आणि तोच कान खाजवत राहतो.

लोक काय काय ओततात ते मी वाडीत बघितलं आहे. फिनेल, पेट्रोल, डांबरगोळीची पूड, तंबाखू. अळ्या मरतात, मांसही भाजतं, आणि चाटून विष पोटात जातं. सीताफळाच्या पाल्याचा रस म्हातारी माणसं गुरांच्या जखमेवर घालत आली आहेत. कुत्रा मात्र जखम चाटतो, म्हणून त्याला तो नको.

आपण करायचं ते एवढंच. आजूबाजूचे केस कापायचे, सलाईनच्या धारेने धुवायचं, बॅटरीच्या उजेडात दिसतील तेवढ्या अळ्या चिमट्याने काढायच्या, आणि डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेला फवारा मारायचा. तो फवारा मे महिन्यातच आणून ठेवावा. खोल भोक असेल, डोळ्याजवळ असेल, तर आपण हात घालायचा नाही.

६. साप चावल्यावर डब्यातलं काहीही उपयोगी नाही

हे आधी मनाशी पक्कं केलं म्हणजे वेळ वाचतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष आपल्याकडे तयार होतं, घोड्यांच्या रक्तापासून. कुत्र्यालाही तेच देतात. पण ते शिरेतून द्यावं लागतं आणि देताना काहींना जोराची रिअ‍ॅक्शन येते, म्हणून ते घरी ठेवून टोचायची गोष्ट नाही.

कुत्रा साप हुंगायला जातो, त्यामुळे दंश बहुधा तोंडावर, नाहीतर पुढच्या पायावर. घोणस, फुरसं चावलं तर जागा झपाट्याने सुजते, हिरडीतून किंवा लघवीतून रक्त येऊ शकतं. नाग, मण्यार चावला तर पाय लटपटतात, पापण्या जड होतात, श्वास मंदावतो; मण्यारीचा दंश तर कधी दिसतही नाही.

आपल्या हातात पाच कामं. पहिलं, गळपट्टा काढायचा, कारण तोंड-मान सुजली की तोच फास होतो. दुसरं, कुत्र्याला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. तिसरं, घड्याळ बघून वेळ लिहायची. चौथं, दोरी आवळणं, चिरा देणं, चोखणं, बर्फ लावणं यातलं काहीच करायचं नाही आणि दुसऱ्याला करू द्यायचं नाही. पाचवं, निघण्याआधी फोन करून विचारायचं की दवाखान्यात प्रतिविष आहे का. नसेल तर ते कुठून मिळेल हे डॉक्टर सांगतात आणि आपण दवाखान्यात पोचेपर्यंत दुसरा माणूस त्याच्यामागे लागतो. सापाचा लांबून फोटो मिळाला तर घ्यावा; शोधायला काठी घेऊन गवतात शिरू नये.

पावसात झुडपांवर हिरवा चापडा असतो. त्याच्या विषावर हे चौघांचं प्रतिविष लागू पडत नाही. सूज, वेदना यांवर उपचार असतात आणि बहुतेक कुत्री त्यातून उठतात. पण ‘हिरवा होता, काही होत नाही’ म्हणून घरी बसू नये. अंधारात कुणी काय बघितलं याचा भरवसा नसतो.

शेजारच्या आत्यांनी एकदा विचारलं, ‘अगो, मांत्रिकाकडे नेऊन मग दवाखान्यात नेलं तर?’ मी म्हटलं, ‘आत्या, मांत्रिकाला गाडीत बसवून घेऊ, वाटेत म्हणू दे काय म्हणायचं ते, पण गाडी थांबणार नाही.’ त्यांना ते पटलं. गावात भांडून चालत नाही, वेळ मात्र जाऊ द्यायचा नाही.

७. विंचवाच्या बाबतीत महाडकडून शिकावं

जगभरच्या डॉक्टरांना विंचूदंशाबद्दल जे कळलं त्यातलं बरंच आपल्या महाडमधून गेलेलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचू चावलेल्या रुग्णांजवळ रात्र रात्र बसून, रक्तदाब आणि नाडी लिहून काढून बघितलं की माणूस वेदनेने मरत नाही. विषामुळे हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने त्यांनी मृत्यू रोखले. त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ते काम माणसांवरचं आहे. कुत्र्याला ती गोळी आपल्या मनाने द्यायची नाही. रक्तदाब एकदम पडू शकतो. पण त्यातून दोन गोष्टी मी डब्यासाठी घेतल्या. एक, काळी इंगळी दिसायला भयंकर असली तरी जीव घेणारा असतो तो लहानसा लाल विंचू, म्हणून आकारावरून ठरवायचं नाही. दोन, लिहून ठेवायचं. चावल्याची वेळ, मग दर पंधरा मिनिटांनी श्वास किती, हिरड्या कशा, लाळ गळते का, उलटी झाली का, पाय गार पडलेत का. डॉक्टर चार तासांनी बघतात तेव्हा त्यांना त्या चार तासांचं काहीच दिसत नसतं. आपल्या वहीतून दिसतं. कुत्रा धापा टाकायला लागला, तोंडाला फेस आला तर वाट बघायची नाही.

गांधीलमाशी किंवा आग्या मोहोळाच्या माश्या डसून तोंड सुजतं, त्यासाठी डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेली गोळी वेगळ्या पाकिटात आहे, पाकिटावर नाव आणि तारीख. श्वास घरघरत असेल तर ती गोळी खायला घालत बसू नये, उचलावं आणि निघावं.

८. पक्कड

शहरातल्या कुठल्या यादीत ही दिसणार नाही. इकडे रानडुकरांसाठी फासकी लावतात, बरेचदा दुचाकीच्या क्लच-वायरची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे चालत नाही, पण लावतात, आणि त्यात कुत्र्याचा पाय किंवा कंबर अडकते. जितका ओढतो तितकी तार आत रुतते. हाताने ती सुटत नाही. तार कापणारी चांगली पक्कड हवी. आधी मुसकं, मग कुत्रा आणि खुंट यांच्यामधली तार कापून ताण घालवायचा, मग पायावरची. तार निघाल्यावर कुत्रा पळायला लागला म्हणून तो बरा आहे असं नाही. रक्त अडलेला भाग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळा पडतो, म्हणून त्याच दिवशी दाखवावं.

साळिंदराचे काटे मात्र पकडीने उपटू नयेत. उपटताना काटा आत तुटू शकतो आणि हळूहळू पुढे सरकू शकतो. कापूनही काढू नयेत. कुत्र्याला पंजाने तोंड घासू द्यायचं नाही आणि भूल देऊनच काढून घ्यायचे.

डुकराच्या सुळ्याने पोट फाटलं आणि आतडं बाहेर दिसलं तर आत ढकलायचं नाही. सलाईनने भिजवलेलं स्वच्छ कापड वर ठेवायचं, चादरीचा पट्टा पोटाभोवती सैलसर गुंडाळायचा आणि ते कापड वाटभर ओलं ठेवायचं. पाणी-दूध काही पाजायचं नाही. भूल द्यावी लागणार असते.

९. खेकड्यांसाठी ठेवलेला भात

भातखाचरांचे बांध खेकडे पोखरतात. त्यांच्यासाठी शिजवलेल्या भातात कीटकनाशक कालवून गोळ्या बिळांशी ठेवतात. शेतकऱ्याचं बरोबर आहे, बांध फुटला तर वर्षाचं पीक जातं. पण भाताचा गोळा दिसल्यावर कुत्रा दुसरं काय करणार? अशी विषबाधा झाली की लाळेच्या तारा लागतात, उलटी-जुलाब होतात, अंग थरथरतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. यावर डॉक्टरांकडे उतारा आहे, लवकर पोचलं तर. जाताना औषधाचा रिकामा पुडा किंवा त्याचा फोटो घेऊन जावा. नावावरून उतारा ठरतो. उंदरांच्या विषाचंही तसंच. त्यातल्या काहींचा परिणाम चारपाच दिवसांनी रक्तस्रावाने दिसतो, त्यामुळे खाल्लेलं कळलं तर लक्षणं दिसेपर्यंत थांबायचं नाही.

मिठाचं पाणी पाजून ओकवणं हा सगळीकडे ऐकायला मिळणारा सल्ला. मीठच विषासारखं चढतं, आणि झटके येणाऱ्या कुत्र्याला ओकवलं तर ते छातीत जातं. ओकवायचं की नाही हे फोनवर डॉक्टरांनी सांगायचं. तेल, तूप, दूधही नको.

लावणीच्या सुमारास मी शेजारच्या खाचरवाल्या दादांना विचारून घेते, गोळ्या कधी ठेवणार. ते सांगतात. त्या दिवसांत दोन्ही कुत्री अंगणात साखळीला. गोळ्या बिळाच्या आत ढकलून वर दगड ठेवला तर खेकड्याला मिळतात आणि कुत्र्याला मिळत नाहीत. हे त्यांनीच सुचवलं.

पावसात कुत्रं बेडूक समजून भेकाला तोंड लावतं, तेव्हाही लाळेचा फेस येतो. त्यावर तोंड खाली, बाजूला करून बाहेरच्या बाहेर पाण्याने धुवायचं, घशात पाणी जाऊ न देता. बऱ्याचदा तेवढ्याने निवळतं. नाही निवळलं तर फोन.

१०. माणसांच्या गोळ्या या डब्यात येऊच द्यायच्या नाहीत

क्रोसिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम. कुत्रा लंगडतोय, कण्हतोय म्हणून प्रेमाने दिलेली अर्धी गोळी त्याचं यकृत, जठर किंवा मूत्रपिंड खराब करते. घरात वेगळा डबा, वेगळं फडताळ. याहून जास्त सांगण्यासारखं यात काही नाही, पण हे मी घरी आलेल्या प्रत्येकाला सांगते.

११. कपड्याचा साबण

पिसाळलेल्या कुत्र्याच्या किंवा कोल्ह्याच्या चाव्यावर यापेक्षा मोठा प्रथमोपचार नाही. वाहतं पाणी आणि साबण, पूर्ण पंधरा मिनिटं. मग बेटाडीन. चुना, मिरची, तेल काही नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही. आपल्या कुत्र्याची जखम धुताना हातमोजे घालायचे, कारण चावणाऱ्याची लाळ तिथे असते. कुत्र्याला आधी लस दिलेली असली तरी पुन्हा लस द्यावी लागते, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. माणसाला चावा किंवा ओरखडा असेल तर सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते, आणि ती न चुकता सगळी पूर्ण करावी. या रोगाची लक्षणं एकदा दिसली की माणूसही वाचत नाही आणि कुत्राही.

म्हणून दोघांचं लसीचं कार्ड डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे. रेबीजची लस आणि लेप्टोची लस. आमच्याकडे लेप्टोला लोक ‘पुराच्या पाण्याचा ताप’ म्हणून ओळखतात. चिखलातून फिरणाऱ्या कुत्र्याला तो होतो आणि त्याच्या लघवीतून घरच्यांना होऊ शकतो.

१२. पेन्सिलने लिहिलेला कागद

२०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री तिथूनच उगम पावते आणि आमच्याकडे उतरते. महाड बुडालं, तळिये गाव दरडीखाली गेलं, आपल्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गेली. त्या दुःखापुढे कुत्र्याच्या डब्याचं बोलू नये असं मलाही वाटतं. पण तेव्हापासून या भागातलं प्रत्येक घर वीज, फोन आणि रस्ता तिन्ही एकदम नसतील असं धरून तयारी करतं, आणि ज्या घरात मुकं जनावर आहे त्याला त्याचाही विचार करावा लागतो. बाजारपेठ बुडाली की औषधाचं दुकानही बुडतं.

त्यामुळे फोन नंबर मोबाइलमध्ये आहेत तसेच कागदावरही आहेत, पेन्सिलने, कारण शाई ओलीने पसरते. पोलादपूरचे डॉक्टर, महाडचे डॉक्टर, जनावरांच्या फिरत्या पथकाचा १९६२ हा क्रमांक (ते पथक मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, पण विचारायला हरकत नाही), रात्री गाडी काढणारे दोन शेजारी. सोबत एक जाड चादर. वाडीवरून आजारी माणसाला डोलीतून खाली आणायची रीत जुनीच; दोन बांबूंत चादर किंवा गोणपाट बांधलं की वीस किलोचा कुत्राही तसाच दोघांत उतरवता येतो. कंबर किंवा पाठ दुखावली असेल तर चादरीखाली फळी घालायची.

घर सोडायची सूचना आली तर साखळ्या आधी सोडायच्या. बांधलेलं जनावर पुरात पोहू शकत नाही. डबा माणसांच्या पिशवीबरोबर निघतो, त्यात दोन दिवसांचं खाणं आणि दोन दोऱ्या.

१३. डबा कोण उघडणार

आमच्याकडच्या बहुतेक घरांतली कर्ती माणसं मुंबईला. गावात राहतात सासू-सासरे, एखादी सून, शाळेतली मुलं. दुपारी कुत्र्याला काही झालं तर घरात असेल ती आजी, आणि औषधांवरची नावं इंग्रजीत. म्हणून प्रत्येक वस्तूवर मोठ्या मराठी अक्षरांत चिठ्ठी आहे: ‘जखम धुवायला’, ‘फक्त गांधीलमाशीला’, ‘अळ्यांना’. आमच्या सासूबाईंना वाचता येत नाही, तर त्यांच्यासाठी दोरे बांधले आहेत. पांढरा दोरा म्हणजे धुवायचं, पिवळा म्हणजे लावायचं, लाल म्हणजे फोनवर विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. त्यांनीच रंग ठरवले. मुसक्याची गाठ घरात सगळ्यात चांगली त्यांनाच जमते, जन्मभर बैलांना मुसकी घातली आहेत.

मृगाच्या आधी डबा उन्हात उघडून ठेवायचा, तारखा बघायच्या, मऊ पडलेल्या गोळ्या आणि बुरशीचा वास येणारा गॉज टाकून द्यायचा. गणपतीच्या सुमारास पुन्हा एकदा, कारण तोवर ओल आत शिरलेली असते. डबा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा, आत कापडी पुरचुंडीत भाजलेले तांदूळ ओल शोषायला. ते दर महिन्याला बदलायचे. बॅटरीचे सेल बाहेर काढून वेगळे. डबा ठेवायची जागा ओसरीवर, दाराच्या आत, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, आणि पक्कड त्याला सुतळीने बांधलेली. पक्कड घरात कुणालाही कधीही लागते, आणि हव्या त्या वेळी ती शोधत बसायला नको.